ठेका कुठे गेला?

सायक्लॉन नाइन या बँडचा २००३ सालचा ‘डिव्हाइन इन्फेक्ट’ आणि २००९ सालचा ‘वी द फॉलन’ हे दोन अल्बम लागोपाठ ऐकले, तर दोन्हींमागे एकच माणूस आहे हे पटायला वेळ लागतो. पहिल्यात सगळा कारभार यंत्रांचा आहे. ड्रम मशीनचा दणका, त्यावर सिंथच्या धारदार ओळी आणि यंत्रातून काढून विद्रूप केलेला आवाज. दुसऱ्यात गिटारींचा दाट, थंड गोंगाट पसरतो, आवाज घशातून ओरबाडून काढल्यासारखा येतो, आणि ज्या ठेक्यावर आधी अख्खा अल्बम उभा होता तो ठेका पुष्कळदा शोधावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या नीरो बेलमनं उभा केलेला हा बँड आला ॲग्रोटेकमधून. ॲग्रोटेक ही इंडस्ट्रियलची, म्हणजे यंत्रांच्या गोंगाटातून घडवलेल्या संगीताची, नाचायची शाखा. बेल्जियमचा सुइसाइड कमांडो, मेक्सिकोचा ओसिको ही त्यातली मोठी नावं. अंधारे क्लब, जड बूट, धूर, आणि रात्रभर न थकणारा किक ड्रम. ‘डिव्हाइन इन्फेक्ट’नंतर २००५ साली ‘आयएनआरआय’ आला तोवर सगळं घरातल्या घरात होतं. २००६ च्या ‘क्राउन दाय फॉर्निकेटर’पासून गिटारी आत शिरल्या आणि त्यांच्यामागून ब्लॅक मेटलची, म्हणजे रंगवलेले चेहरे, उलटे क्रूस आणि भरधाव, खरखरीत गिटारी यांच्या मेटलची, सावली आली. निखळ ब्लॅक मेटल हा बँड कधीच झाला नाही. पण तोंड कुठल्या दिशेला वळलंय हे कुणालाही कळत होतं, आणि चाहत्यांत उभी फूट पडली.

या फुटीबद्दल बोलताना लोक एक सोपं चित्र काढतात. एका बाजूला कर्मठ, ज्यांना तेच ते हवं असतं. दुसऱ्या बाजूला मोकळ्या मनाचे, ज्यांना कलावंताची वाढ कळते. मी स्वतः बँडबरोबर राहिलेल्यांपैकी आहे, ‘वी द फॉलन’ माझा लाडका अल्बम आहे, तरी हे चित्र मला मान्य नाही. सोडून गेलेल्यांवर ते अन्याय करतं. मला वाटतं, जे गेले ते गिटारीमुळे गेले नाहीत, चेहऱ्यावरच्या रंगामुळे किंवा उलट्या क्रुसामुळे तर नाहीच नाही. त्यांच्या पायाखालचा ठेका काढून घेतला गेला. त्यांची तक्रार मताची नव्हतीच, अंगाची होती, आणि ती खरी होती.

आधी ठेक्याचंच बघू.

ॲग्रोटेकचा किक ड्रम मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके देतो. माणूस आपल्या नादात चालत असतो तेव्हा मिनिटाला शंभर-सव्वाशे पावलं टाकतो. म्हणजे हा ठेका चालीच्या जवळचा, किंचित घाई झालेल्या माणसाचा. म्हणून त्यावर नाचायला शिकावं लागत नाही. ज्याला चालता येतं त्याला तो पेलतो. वर कितीही आरडाओरडा असो, कितीही शिवीगाळ असो, देवाधर्माची कितीही विटंबना असो, खालून तो ठोका नेमाने येत राहतो आणि तुमचं वजन सांभाळतो. इंडस्ट्रियल ऐकणाऱ्या पुष्कळांना या संगीतानं धीर दिलाय तो याच कारणानं, असं माझं मत आहे. भीतीदायक सगळं वर, भरवशाचं सगळं खाली.

ब्लॅक मेटलमधला ब्लास्ट बीट नेमकं उलटं करतो. स्नेअर, किक आणि झांज यांचा सलग मारा, मिनिटाला दोनशेच्या आसपास, कधी त्याच्याही पुढे. पायांना तो झेपत नाही. कान थोडा वेळ मोजू पाहतो आणि मग मोजणं सोडून देतो. ठोके एकमेकांत मिसळतात, पत्र्यावरच्या पावसासारखे, आणि खरी लय सापडते ती वरच्या बाजूला, गिटारचे स्वर पालटतात तिथे. चार सेकंदांनी एकदा, आठ सेकंदांनी एकदा. वाजवणारा जीव तोडून धावत असतो आणि ऐकणारा मात्र जागच्या जागी थबकलेला असतो. हे ज्याला भावतं त्याला असं भावतं की दुसरं काही नको वाटतं. मला ते भावतं. पण त्यात अंगाला धरायला काही नाही, हे कबूल केलंच पाहिजे.

माझा एक मित्र आहे, ‘आयएनआरआय’वर जीव टाकणारा. ‘वी द फॉलन’वरून आमचं वाजलं होतं. मी त्याला बारकावे ऐकवत होते, हा बदल किती सुंदर, तो थर किती खोल वगैरे. तो काही बोलला नाही. उठला, स्पीकरच्या खोक्यावर पंजा टेकवला आणि म्हणाला, “तूही ठेव हात.” आधी त्यानं जुना अल्बम लावला. लाकडातून ठोका तळहातात येत होता, एकेक सुटा, इतका स्पष्ट की डोळे मिटूनही मोजता आला असता. मग नव्यातलं एक भरधाव गाणं. खोकं थरथरत होतं, सारखं, बारीक, कुठे सुरू होतंय आणि कुठे संपतंय ते कळू न देता. “अगं, हाताला काही लागतच नाही,” तो म्हणाला. “तू ऐकतेस. मी ऐकत नव्हतो कधी. मी त्यात उभा असायचो.”

मला यावर त्या वेळी सुचलेलं सगळं उत्तर स्वरांबद्दलचं होतं, आणि त्याचा प्रश्न स्वरांचा नव्हता.

यात ध्वनिमुद्रणाचाही भाग आहे. क्लबमधल्या सबवूफरसाठी घडवलेला किक पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास छातीत वाजतो. सगळी रचना त्याच्याभोवती, त्याला जागा ठेवून केलेली असते. नव्वदच्या दशकातल्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटलमध्ये खालचा भाग जवळजवळ रिकामा आहे. बास ऐकूच येत नाही, आणि गिटारी वरच्या पट्टीत, कानाला बोचतील अशा. १९९४ चा डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ मोठ्या क्लबमधल्या यंत्रणेवर लावला तर ती यंत्रणा बहुतांश बेकार बसून राहील. तो अल्बम चार ट्रॅकच्या साध्या मशीनवर घरी मुद्रित झालाय, आणि त्याला ऐकणारा एकटा हवा. इंडस्ट्रियलच्या नाचाच्या शाखेला ऐकणारे जमावानं हवेत. त्यामुळे बँड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळतो तेव्हा तो चाहत्यांना न विचारता गर्दीतून उचलून खोलीत नेऊन बसवतो. काहींना खोली हवीच होती. काहींची सगळी आठवडाभराची वाट त्या गर्दीसाठी होती.

आता दुसरा आरोप. हा राहिलेल्या-गेलेल्यांपेक्षा ब्लॅक मेटलवाल्यांकडून जास्त येतो: हे लोक उसने कपडे घालून आलेत. यंत्रांवर वाढलेली माणसं, त्यांना जंगल काय कळणार, थंडी काय कळणार. आरोपाचा सूर असा की ब्लॅक मेटल जमिनीतून उगवलंय आणि इंडस्ट्रियल कारखान्यात जुळवलंय.

इथे मला राग येतो, कारण इतिहास याच्या उलट सांगतो.

मेहेम हा नॉर्वेचा बँड, ज्याच्यापासून तिथल्या ब्लॅक मेटलची कथा सुरू होते, त्याचं १९८७ चं ‘डेथक्रश’ घ्या. त्याची सुरुवात गिटारनं होत नाही. ती होते कोनराड श्निट्झलरच्या एका तालवाद्यांच्या तुकड्यानं. श्निट्झलर म्हणजे टँजरीन ड्रीमच्या पहिल्या अल्बममधला, क्लस्टरच्या स्थापनेतला, बर्लिनच्या प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतातला मूळ पुरुष. इंडस्ट्रियलचं मूळ शोधत गेलं तर वाटेत भेटणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक. मेहेमचा गिटारवादक युरोनिमस त्याचा भक्त होता, थेट त्याच्या घरी गेला होता आणि त्याच्याकडून तो तुकडा मिळवून आला होता. म्हणजे नॉर्वेजियन ब्लॅक मेटलच्या दाराच्या चौकटीवरच इलेक्ट्रॉनिक संगीताची सही आहे. ज्यांना हे दोन प्रवाह परके वाटतात त्यांनी ते दीड-दोन मिनिटांचं लष्करी ढोलकाम लक्षपूर्वक ऐकावं.

आणि तो ‘नैसर्गिक’ आवाज? १९९३ मध्ये मुद्रित झालेला आणि १९९६ मध्ये बाहेर आलेला, बुर्झुम या एकाच माणसाच्या बँडचा ‘फिलोसोफेम’ हा त्या आवाजाचा कळस मानला जातो. त्यातली गिटार गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून गेलेलीच नाही. त्या माणसाच्या भावाच्या स्टिरिओचा ॲम्प्लिफायर आणि जुने फझ पेडल वापरून ती वाजवली आहे. गाण्यासाठी स्टुडिओत असलेला सगळ्यात वाईट मायक्रोफोन मागितला गेला, आणि शेवटी एक हेडसेट वापरला गेला. त्याच अल्बमवर पंचवीस मिनिटांचा एक सिंथचा तुकडा आहे ज्यात जवळजवळ काहीच घडत नाही. हा आवाज जंगलातून आलेला नाही. उपकरणाला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकललं, ते मोडायला आलं, आणि त्या मोडण्यातून तो आला.

इंडस्ट्रियलचा आद्य बँड थ्रॉबिंग ग्रिसल, ते १९७५ मध्ये लंडनला हेच करत होते. त्यांच्यातला ख्रिस कार्टर यंत्रं स्वतः जोडायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदिष्टांसाठीच्या एका मासिकात गिटारच्या इफेक्टचा आराखडा छापून आला होता. त्यावरून त्यानं एक डबा बनवला, त्यात आपले बदल केले, आणि गिटार, आवाज, जे हाताला लागेल ते त्यातून काढलं. पुढे त्या डब्याला ग्रिसलायझर हे नाव पडलं. १९७७ च्या ‘सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’वरचा तो खरवडलेला, गुदमरलेला आवाज त्याचा. दोन पिढ्या, दोन देश, एकमेकांशी काही देणंघेणं नाही, आणि दोन्हीकडे माणूस एका स्वस्त डब्यापुढे वाकून बसलाय आणि त्याला सांगतोय की नीट वाजू नकोस. मला या दोन प्रतिमा एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. जो इंडस्ट्रियल बँड ब्लॅक मेटलकडे जातो तो परक्याच्या घरात शिरत नाही. तो चुलत घरी जातो, जिथे बोलणं बंद झालं होतं.

शिवाय वळणं काय फक्त इकडून तिकडे झालीत? स्वित्झर्लंडच्या सामाएलनं १९९६ च्या ‘पॅसेज’वर खरे ड्रम बाजूला ठेवून प्रोग्रॅमिंग आणलं. डोडहाइम्सगार्ड १९९९ मध्ये ‘६६६ इंटरनॅशनल’वर पार इंडस्ट्रियलच्या वेड्या कोपऱ्यात गेला. उल्व्हरनं १९९७ ला कानठळ्या बसवणारा ‘नाटेन्स माद्रिगाल’ दिला आणि पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉनिकचा रस्ता धरला. त्या वेळी त्यांनाही शिव्या पडल्या. पण आज या अल्बमांना धाडसी म्हणतात, काळाच्या पुढचे म्हणतात. ब्लॅक मेटलमधून बाहेर पडणाऱ्याला शूर म्हणायचं आणि ब्लॅक मेटलकडे येणाऱ्याला नक्कल करणारा, हा दुजाभाव मला खटकतो. यामागे एक समजूत आहे की ब्लॅक मेटल जन्मानं मिळतं, शिकून येत नाही. आणि ती समजूत डार्कथ्रोनच्याच उदाहरणावर कोसळते. त्यांचा १९९१ चा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ सरळ डेथ मेटल आहे, चांगला, तांत्रिक, स्वच्छ मुद्रित. पीसव्हिल या त्यांच्या कंपनीला पुढचाही तसाच हवा होता. त्यांनी १९९२ मध्ये ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ आणून दिला तेव्हा कंपनी गडबडली, आणि बासवादकाला ही दिशा पटली नाही, तो आपला भाग वाजवून बँडबाहेर पडला. ज्या अल्बमला आज ब्लॅक मेटलचा पाया म्हणतात तो स्वतःच एक वळण होता, घरातल्या माणसांनाही न पटलेलं.

इथपर्यंतचं सगळं संगीताबद्दल झालं. पण सोडून गेलेल्यांतल्या काहींचा मुद्दा संगीताबाहेरचा आहे, आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. त्याच्याकडे फार कमी लोक नीट पाहतात.

इंडस्ट्रियलच्या आसपासची जागा सुरुवातीपासून अशा लोकांचा आसरा होती ज्यांना इतर कुठे जागा नव्हती. थ्रॉबिंग ग्रिसलमधल्या पीटर क्रिस्टोफरसननं पुढे आपला जोडीदार जॉन बॅलन्स याच्याबरोबर कॉइल हा बँड चालवला. दोघं पुरुष, उघडपणे एकत्र, ऐंशीच्या दशकात. १९८५ साली त्यांनी ‘टेन्टेड लव्ह’ या जुन्या गाण्याचं प्रेतयात्रेच्या चालीवरचं रूप काढलं आणि त्याचं उत्पन्न ब्रिटनमध्ये एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिलं. एड्सचं नावही लोक दबक्या आवाजात घ्यायचे असा तो काळ. मित्र मरत होते. ते गाणं आजही मला सलग ऐकवत नाही. त्यातला संथ घंटेचा ठोका सहन होत नाही. या परंपरेतून पुढे आलेल्या क्लबांच्या फ्लोअरवर समलिंगी मुलं, कपड्यांवरून हेटाळली गेलेली मुलं, घरी न सांगता आलेली मुलं नाचली. त्यांच्यासाठी हे संगीत म्हणजे एक सुरक्षित खोली होती, कितीही कर्कश असली तरी.

आणि तिकडे, ब्लॅक मेटलमध्ये? ऑगस्ट १९९२ मध्ये नॉर्वेत लिलेहॅमर इथे एम्परर बँडच्या ड्रमरनं एका समलिंगी माणसाला भोसकून ठार केलं. त्याला पुढे चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जूनमध्ये बर्गनजवळचं फान्टोफ्टचं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च जळालं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये बुर्झुमच्या वार्ग विकर्नेसनं युरोनिमसचा खून केला. खून आणि चर्चं जाळणं याबद्दल त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली, आणि तो वंशवादी लेखन करत राहिला. वर मी ज्या ‘फिलोसोफेम’चं कौतुक केलं तो याच माणसाचा. त्याच्या हेडसेटची गोष्ट सांगताना हेही सांगायला हवं. ते न सांगता फक्त आवाजाच्या पोताबद्दल बोलत राहणं मला जमत नाही.

तेव्हा, ज्याला त्या फ्लोअरवर आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला, त्यानं आपला बँड ब्लॅक मेटलच्या खुणा अंगावर घेतोय हे पाहून पाय मागे घेतला, तर त्याला संकुचित कोण म्हणणार? त्याला त्या खुणांमागचं रक्त दिसतं. दिसायलाच हवं.

यावर उत्तर दिलं जातं की इंडस्ट्रियलही काही धुतल्या तांदळासारखं नाही. ते खरं आहे. थ्रॉबिंग ग्रिसलच्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या कंपनीचं बोधचिन्ह ऑशविट्झमधल्या एका छायाचित्रावरून घेतलेलं होतं. गणवेश, लष्करी कवायतीची भाषा, छळछावण्यांचे संदर्भ यांच्याशी हे संगीत पहिल्या दिवसापासून खेळलंय, आणि दर वेळी ते जबाबदारीनं खेळलंय असं नाही. मला यातला फरक असा वाटतो की थ्रॉबिंग ग्रिसल ते चित्र तुमच्यापुढे धरून विचारत होते, हे ज्या समाजानं केलं तो तुमचाच, आता काय करणार? नॉर्वेतल्या काही तरुणांना प्रश्न विचारायचा नव्हता. त्यांनी चाकू घेतला, काडी ओढली. सगळं ब्लॅक मेटल तसं नाही, अजिबात नाही. गोर्गोरोथ या बँडचा गायक गाल, ज्याला पाहून भल्याभल्यांना धडकी भरायची, त्यानं २००८ मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, आणि जग कोसळलं नाही. आज उघडपणे वंशवादविरोधी भूमिका घेणारे ब्लॅक मेटल बँड आहेत. पण ही सगळी माहिती घेऊन मग गाणं ऐकायला बसणं हे राहणाऱ्याचं काम आहे. जाणाऱ्यावर ते लादता येत नाही.

सायक्लॉन नाइनबद्दल मला एवढं म्हणता येईल की हे वळण त्यांच्या पोटात आधीपासून होतं. अल्बमांची नावंच बघा. ‘डिव्हाइन इन्फेक्ट’ म्हणजे दैवी संसर्ग, मग ‘आयएनआरआय’ ही क्रुसावरची चार अक्षरं. धर्माशी भांडण पहिल्या दिवसापासून सुरू होतं, फक्त ते नाचाच्या ठेक्यावर सुरू होतं. आणि आवाज. सुरुवातीच्या अल्बमांत तो यंत्रातून काढून खरखरीत केलेला आहे, इतका की शब्द कळत नाहीत. पुढे गिटारी आल्या तेव्हा त्या आवाजाला पहिल्यांदा साजेशी सोबत मिळाली असं मला वाटतं. जुन्या अल्बमांत तो ठेक्याच्या वर एकटा किंचाळायचा. आता आजूबाजूचं सगळंच किंचाळतं, आणि त्यामुळे त्याच्यातलं दुखणं ऐकू येतं. आधी मला त्यात फक्त आव ऐकू यायचा. ‘वी द फॉलन’मधल्या संथ जागांवर, जिथे पियानोसारखं काही वाजतं आणि गिटारी मागे सरतात, तिथे हे फार जाणवतं. ज्यांना ठेका हवा होता त्यांच्या कानांपर्यंत हे पोचलंच नाही, कारण ते तोवर निघून गेले होते. याची मला हळहळ वाटते. राग नाही.

ठेका कोण देतो याला इंडस्ट्रियलवाले किती जपतात, याचं एक उदाहरण गॉडफ्लेशचं. बर्मिंगहॅमचा हा बँड १९८९ च्या ‘स्ट्रीटक्लीनर’पासून ड्रम मशीनसाठी ओळखला गेला. जस्टिन ब्रॉड्रिकच्या गिटारखाली ते मशीन निर्दयपणे चालतं, दमत नाही, भावुक होत नाही, गाण्याच्या शेवटी जोर चढवत नाही. १९९६ च्या ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’वर त्यांनी ब्रायन मान्टिया हा हाडामांसाचा ड्रमर घेतला. उत्तम वादक. अल्बमही चांगला आहे. पण मशीनच्या जागी माणूस आल्याबरोबर गाणं ढिलं पडल्यासारखं, समजूतदार झाल्यासारखं वाटतं. बँड मोडला, २०१० मध्ये पुन्हा जमला, आणि २०१४ चा ‘अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर’ पुन्हा मशीनवर आला. पहिल्याच मिनिटात काय परत आलंय ते कळतं. गिटारी त्याच, माणसं तीच, दिशाही फारशी बदललेली नाही, तरी सगळा फरक खालच्या ठोक्यात. गॉडफ्लेशच्या चाहत्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मग ॲग्रोटेकच्या चाहत्यानं तेच म्हटलं की त्याला बालिश ठरवायचं, हे मला पटत नाही.

राहिलेल्यांच्या वागण्यातली एक गोष्ट इथे नोंदवते, कारण ती मी आमच्याच बाजूला पाहिली आहे. आपण बँडबरोबर वळलो याचा आम्हाला एक ताठा चढतो. जणू आमचा कान मोठा झाला आणि बाकीचे नाचत राहिले. नाचणं म्हणजे कमी दर्जाचं ऐकणं, ही समजूत संगीताच्या प्रत्येक घराण्यात कुठून तरी शिरते आणि प्रत्येक ठिकाणी नुकसान करते. मित्राचा तळहात स्पीकरवर होता तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त बारकाईनं ऐकत होता. किक कुठे बसतो, किती मऊ आहे, त्याचं शेपूट किती लांब आहे, हे तो सांगू शकायचा. मला ते आजही नीट सांगता येत नाही.

ज्यांना या भांडणात खरंच रस आहे त्यांना मी एक अल्बम सुचवते. नॉर्वेच्याच मिस्टिकमचा १९९६ चा ‘इन द स्ट्रीम्स ऑफ इन्फर्नो’. या बँडमध्ये ड्रमर नाहीच. गिटारी बर्फासारख्या थंड, किंकाळ्या अस्सल, सगळं नव्वदच्या दशकातलं नॉर्वे, आणि खाली ड्रम मशीन, लपवलेलं नाही, तर पुढे आणून ठेवलेलं. ब्लास्ट बीट आहे, पण यंत्राचा, दोन ठोक्यांत एका केसाचाही फरक न पडणारा. माणसाच्या हातून निघाला असता तर मिसळून गेला असता असा मारा इथे सुटा-सुटा ऐकू येतो, आणि किक इतका कठीण आहे की तो टेक्नोतून उचलून आणल्यासारखा वाटतो. इंडस्ट्रियल आणि ब्लॅक मेटल यांच्यात तडजोड केली तर दोन्ही पातळ होतात, असं म्हणणाऱ्यांना याच्यापुढे बोलता येत नाही. इथे काहीच पातळ नाही. नीरो बेलमनं हा अल्बम ऐकला होता का हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. वाट आधीपासून होती, दोन्ही बाजूंनी.

मित्राला मी तो पाठवला. त्याचं म्हणणं आलं की पहिली दोन गाणी त्यानं उभ्यानं ऐकली, हात मोजत होता, मोजता येत होतं, आणि पुढे तो दमला. ‘वी द फॉलन’ तो अजूनही लावणार नाही म्हणतो. मी आग्रह सोडला आहे. त्याऐवजी त्यानं मला ‘आयएनआरआय’ मोठ्या स्पीकरवर, उभं राहून, आवाज वाढवून ऐकायला सांगितलंय, आणि त्याला ते पूर्ण हक्कानं सांगता येतं.